यादीत नसलेला गुरुवार

प्रिय सलू,

पाळकसाहेब मला दोनदा म्हणाले, "मुलीला पत्र लिहा बाई, मन हलकं होईल." मी लिहिलं नाही. हाच सल्ला मी वीस वर्षं लोकांना देत आले, आणि देताना माझं अर्धं लक्ष घड्याळाकडे असायचं. त्यामुळे तो फिरून माझ्याकडे आला तेव्हा मी नुसती मान हलवली. आज लिहायला बसले आहे ती मन हलकं करायला नाही. तू माझ्यापासून एक गोष्ट सोळा वर्षं लपवलीस आणि ती मला आज दुपारी कळली, म्हणून.

तू जाऊन आठ महिने झाले. जुलैतल्या त्या सकाळी तू पायरीवर बसून स्कार्फ बांधत होतीस, गाडीची किल्ली मांडीवर. "मम्मी, डबा," एवढंच म्हणालीस. मी डबा घेऊन बाहेर आले, तोवर तू एका कुशीवर कलंडली होतीस. डोक्यातली रक्तवाहिनी फुटली, असं डॉक्टर म्हणाले. तीस वर्षांच्या मुलीची? मी त्यांना तीनदा विचारलं. तिन्ही वेळा त्यांनी तेच सांगितलं, आणि तिन्ही वेळा मला ते खोटं वाटलं. त्या दिवसापासून मला कोणाचंच काही खरं वाटत नाही.

माझी लाल पुठ्ठ्याची वही तुला आठवत असेल. चर्चच्या मंडळीत कोणाच्या घरी मृत्यू झाला की महिला मंडळाकडून मी तिच्यात यादी करायची. सहा आठवडे कोणत्या दिवशी कोणी भेटायला जायचं, डबा कोणी न्यायचा, प्रार्थना कोणी करायची, बायबलातलं वचन कोणतं वाचायचं. शाळेतून निवृत्त झाले तरी सगळ्या मला बाईच म्हणतात, त्यामुळे यादी कोणी मोडत नसे. कॉन्व्हेंटमध्ये सिस्टरांनी लावलेली सवय आहे ती. समास आखल्याशिवाय मला कोणाचं दुःखही लिहिता येत नाही.

पहिल्या पानावर नियम होते. अर्ध्या तासापेक्षा जास्त बसू नये. कसं झालं ते विचारू नये. रिकाम्या हाताने जाऊ नये. घरच्यांपेक्षा जास्त रडू नये. आणि 'देवाची इच्छा' हे शब्द पहिल्या आठवड्यात वापरू नयेत.

ते वाचून तू हसायचीस. "मम्मी, दुसऱ्या आठवड्यात चालतात का?"

चालतात, सलू. मंडळातल्या सुनंदाताई आठव्या दिवशी आल्या. चहाचा पहिला घोट घेतला आणि म्हणाल्या, "शेवटी देवाची इच्छा, बाई." मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं. बरोबर आठवा दिवस होता.

माझी यादी माझ्याच घरावर चालली होती. वही दुसऱ्या कोणाच्या हातात होती, पण नियम माझे. दाराबाहेर कुजबुज व्हायची, "आज वचन कोणतं गं?" ती मला आत ऐकू यायची. एकीनं प्रार्थना चालू असताना डोळे किलकिले करून घड्याळ पाहिलं. मला ते दिसलं, कारण मीही डोळे मिटले नव्हते. कोणाचं रडणं खरं आणि कोणाचं वहीतलं, एवढंच मी बघत बसायची.

तुझे पप्पा म्हणाले, "लोक येतात, आपण चहा करायचा. त्यात संशय कसला?" त्यांना बरं वाटायचं. मला मात्र वाटायचं, ह्यांना पाठवलं कोणी? मीच. मग मी आखून दिलेल्या सांत्वनावर मी विश्वास कसा ठेवू? आणि देव? तो तरी आपणहून येत होता, की त्यालाही कोणी वार नेमून दिला होता? असं मनात आलं की मी घासलेली भांडी पुन्हा घासायला घ्यायची.

शेजारच्या रझियाआपा तेवढ्या वाटीभर सालन आणून ठेवायच्या, "थोडा खा लेव बाजी," म्हणायच्या आणि निघून जायच्या. त्यांच्यावर मला कधी संशय आला नाही. त्यांचं नाव माझ्या वहीत असणं शक्यच नव्हतं.

सहा आठवडे संपले आणि दार वाजायचं थांबलं. मी चर्चला जाणंही तेव्हाच सोडलं.

त्यानंतरच्या गुरुवारी विमल आली.

विमल म्हणजे पूर्वी चर्चच्या मागच्या गल्लीत राहायची ती. नवऱ्याला चितेगावच्या कारखान्यात काम मिळालं तेव्हा ती तिकडे गेली. मूळची पाचोडची, बोलणं अजून तिथलंच. हातात डबा नाही, पिशवी नाही. वचन वाचलं नाही, प्रार्थना म्हटली नाही. स्वयंपाकघराच्या दाराशी बसली आणि म्हणाली, "बाई, काय निवडायचं आसंल तर द्या." मी मेथीची जुडी दिली. ती निवडून झाल्यावर चारच्या बसनं गेली.

पुढच्या गुरुवारी पुन्हा आली. त्याच्या पुढच्याही.

मला तिचं येणं टोचायला लागलं. पैठण रस्त्यानं एवढी धक्के खात येते, ती काय मेथी निवडायला? हिला काही मागायचं असेल, असं आधी वाटलं. तिनं काही मागितलं नाही. मग वाटलं, मी कशी मोडले ते बघायला येत असेल. कारण तसं बघायला यायचा हक्क तिला होता, सलू, आणि ते मला पक्कं माहीत होतं.

तू तेव्हा चौदा वर्षांची होतीस. विमलचं बाळ अकरा दिवसांचं होऊन गेलं. सुनंदाताई मला विचारायला आल्या, "विमलच्या घरी कोणाकोणाला पाठवायचं?" मी म्हणाले, "बाप्तिस्मा झाला नव्हता ना बाळाचा? पाळकसाहेबांच्या दफनाच्या नोंदीत नाव नाही. नोंद नाही तर यादी कशी लावणार? पुढच्या महिन्यात बघू." माझ्या याद्या त्या नोंदीवरून व्हायच्या. पुढच्या महिन्यात कापणीचा सण आला, आणि मी विसरले. तू तेव्हा टेबलाशी गणितं सोडवत होतीस. मला वाटलं होतं, तुझं लक्ष नाही.

म्हणून मी दर गुरुवारी तुझ्या खोलीतल्या कपाटाला कुलूप लावायला लागले. हे लिहिताना लाज वाटते, पण तुझ्यापासून आता काय लपवायचं? ती काय नेणार होती? तुझे दुपट्टे?

आज पवित्र सप्ताहातला गुरुवार, तरीही ती आली. मेथी निवडता निवडता सहज म्हणाली, "सलूला देठं चालायची नाय. भाजीतून येक येक देठ काढून ताटाच्या कडंला ठिवायची."

माझ्या हातातली परात तशीच राहिली. सलू हे नाव आपल्या घराबाहेर कोणाला ठाऊक होतं? चर्चमध्ये तू सलोमी, शाळेत सलोमी, बँकेत सलोमी मॅडम.

मी दार लोटून घेतलं आणि विचारलं, "विमल, तू इथं का येतेस?"

"बसायला."

"यादी संपून सात महिने झाले. तुझं नाव यादीत नव्हतंही."

"व्हय. आन् माज्या घराला तर यादीच नव्हती."

ती चिडून बोलली नाही. चिडली असती तर मला सोपं गेलं असतं.

"मग कोणी पाठवलं तुला?"

"सलूनं," ती म्हणाली. मग माझा चेहरा बघून म्हणाली, "तसं नाय बाई. घाबरू नका. ती यायची ना माज्याकडं, म्हणून आले."

आणि मग तिनं सांगितलं. रविवारची शाळा सुटली की तू तिच्या घरी जायचीस. दोन वर्षं, ती चितेगावला जाईपर्यंत. मी तेव्हा तुझ्या उशीर होण्यावरून किती जागता पहारा ठेवला होता, आठवतं? मला वाटायचं, एखादा मुलगा असणार. मी तुझं दप्तर उपसलं होतं. आणि वेरूळच्या सहलीहून आलीस तेव्हा बुटांना धूळ नव्हती. "काय काय पाहिलंस?" विचारलं तर म्हणालीस, "लेणी." मी आठवडाभर तुझ्याशी बोलले नव्हते. त्या दिवशी बाळाला जाऊन वर्ष झालं होतं म्हणे, आणि तू सहलीला न जाता विमलबरोबर दफनभूमीत, त्याला पुरलं त्या कोपऱ्यात गेली होतीस.

"काय करायची ती तुझ्याकडे?" मी विचारलं.

"काय नाय. गणितं करायची. भाकर-ठेचा खायची, डोळ्याला पाणी आलं तरी खायची. देवाचं येक अक्षर बोलायची नाय. मला म्हणायची, तुमी रडा, माजं गणित चालू द्या."

मी हसले. आठ महिन्यांत पहिल्यांदा हसू आलं, आणि ते तिच्यासमोर आल्याचा मला रागही आला.

"मला का नाही सांगितलं तिनं?"

विमलनं जुडीचा दोरा बोटाला गुंडाळला. "मी बोल्ले तिला, आईला सांग. तर म्हणाली, मम्मीला सांगितलं की ती वही काढंल, मग सहा आठवड्यांनी माजं येणं बंद."

सलू, हे तू खरंच म्हणालीस? विमल खोटं बोलत नाही हे मला कळतं आहे, तरी तुझ्याकडून ऐकायचं होतं. आणि मला दुसरंही विचारायचं आहे. तू तिच्या कळवळ्यानं जात होतीस की माझी लाज वाटून? मी जे केलं नाही ते भरून काढायला? मी विमललाही हे विचारलं. तिनं देठं एका बाजूला सारली. मग म्हणाली, "ती म्हणायची, मम्मी वाईट नाय. मम्मीला यादीबिगर सुचत नाय."

तू चौदा वर्षांची होतीस. हे तू माझ्या तोंडावर म्हणायचं होतंस. मी रागावले असते, आठवडाभर बोलले नसते, पण ऐकलं असतं. कदाचित.

बस यायची वेळ झाली तेव्हा विमल उठली. चप्पल घालताना म्हणाली, "तिनं पयल्याच दिवशी बाळाचं नाव विचारलं व्हतं. कुणीच विचारलं नव्हतं. नाव ठेवलंच नसंल, आसं समद्यांना वाटलं." आणि ती गेली.

दार लावलं तेव्हा माझ्या ध्यानात आलं, नाव मीही विचारलं नाही. तेव्हा नाही, सात महिन्यांच्या गुरुवारांत नाही, आणि आत्ता तिनं दारात उभं राहून सांगितलं तेव्हाही नाही. मी तिला म्हणाले, "सांभाळून जा."

माझा संशय सगळा गेला असं तुला लिहिणार नाही. सुनंदाताईंच्या चहावरच्या देवाच्या इच्छेवर माझा विश्वास अजून बसलेला नाही. पण कोणी न पाठवता एक मुलगी एका घरात दोन वर्षं जाऊन बसत होती, आणि ती माझ्या घरात वाढली. तिला तिकडे कोणी नेलं असेल, हा विचार मी संध्याकाळपासून करते आहे. त्या विचाराला समास आखता येत नाही.

येत्या रविवारी पुनरुत्थानाचा सण. पहाटे सगळी मंडळी दफनभूमीत जमतील आणि जो तो आपापल्या माणसाच्या थडग्यावर मेणबत्ती लावील. मी जाणार नाही असं पप्पांना सांगून ठेवलं होतं. मी जाईन. दोन मेणबत्त्या घेईन. विमलही येईल; सगळ्यांच्या देखत, सुनंदाताईंच्याही, तिला म्हणेन की मला त्या कोपऱ्यात ने. आणि तिथं उभी राहून तिच्या बाळाचं नाव विचारीन. ते मी वहीत लिहिणार नाही, सलू. लक्षात ठेवीन.

कपाटाचं कुलूप काढलं आहे.

तुझी,
मम्मी