मेथीने लिंपलेली मिवोक टोपली व इतर चीजवस्तू

मी, रवींद्र मोरेश्वर आठल्ये, वय त्रेपन्न, राहणार लिक्सलिप, आयर्लंड, पूर्ण शुद्धीत असताना प्रथम ही तक्रार नोंदवतो की या घरात हिंगाच्या डबीचं झाकण कोणीही घट्ट लावत नाही. डोकं ठिकाणावर असल्याचा याहून सबळ पुरावा माझ्यापाशी नाही. सोमवारी माझ्या हृदयाची झडप बदलणार आहेत. सबब हे मृत्युपत्र कोणाच्याही दबावाविना करतो. (पत्नी "लिहा एकदाचं" म्हणाली, तो दबाव नव्हे.)

१. घर, बचत व गाडी पत्नी अलकनंदा हिला. बॉयलरची कळ डावीकडे फिरवावी. जोर लावू नये.

२. स्वयंपाकघरातल्या प्रेसमधली (इथे कपाटाला प्रेस म्हणतात) मोठी टोपली मुलगी निहारिका हिला. कॅलिफोर्नियात असताना शेजारच्या डोराआजींनी ती दिली. त्या मिवोक, म्हणजे तिथल्या डोंगरातल्या मूळ रहिवाशांपैकी. उभ्या काड्यांभोवती दोन-दोन आडव्या काड्यांना पीळ देत, मुद्दाम फटी ठेवून त्यांनी ती विणली. "कांदे ठेव, अक्रोड ठेव, भिंतीवर टांगू नकोस," एवढीच त्यांची अट.

मी तांदूळ भरले. ते गळाले. तेव्हा आपल्याकडे सुपं लिंपतात तसा मेथी-कागदाचा लगदा मी आतून-बाहेरून चोपडला. इथल्या दमट हवेत महिन्याभरात तांदळाला बुरशी आली.

"अहो, तिला वारा लागायला हवा होता. तुम्ही कोट घातलात!" इति अलकनंदा.

पहिल्या लॉकडाऊनमध्ये तो कोट टूथब्रशने उतरवताना तीन काड्या मोडल्या. निहारिका म्हणते, "बाबा, इट्स ग्रँड," म्हणजे इथल्या बोलीत 'ठीक आहे, चालेल'. ग्रँड नाही. डोराआजींची नात विणते. टोपली तिच्याकडून दुरुस्त करून घ्यावी आणि मग वापरावी.

३. मित्र ज्ञानेश यास माझी सोल्डरिंगची हत्यारं. मेथीचा सल्ला त्याचा होता. तो माझाच होता असं तो सर्वांना सांगतो, म्हणून कायदेशीर कागदावर लिहून ठेवतो.

४. माझ्या श्राद्धाला भटजींचं संस्कृत चुकलं तरी चालेल. मी दुरुस्त करायला येणार नाही.

५. हे कलम कायद्यात बसतं की नाही, ठाऊक नाही. हॉस्पिटलात सध्या कोणालाही आत घेत नाहीत. अलकनंदा मला दाराशी सोडून एकटीच गाडी चालवत परत येईल. निहारिका गॉलवेला विलगीकरणात आहे. मरणाची भीती मला वाटतेच. पण वाईट बातमीचा फोन आला, तर तो घेताना अलकनंदा घरात एकटी असेल, याची जास्त वाटते.

सही: र. मो. आठल्ये

साक्षीदार, दोघेही एकाच वेळी खिडकीबाहेर उभे राहून, माझी सही डोळ्यांनी पाहून:
इंद्रनील रानडे
क्षितिजा वाड

लिक्सलिप, शनिवार, १३ फेब्रुवारी २०२१