ताबा आखाजीला

१५ जानेवारी १९८९, रविवार. जामनेर.

नवीन वर्षाचा संकल्प, रोज डायरी लिहिणे, पंधरा दिवस उशिरा सुरू होतोय. पण कारण तसंच आहे. आबा गेले. आज गंधमुक्ती झाली, विधी संपले, पाहुणे जेवून गेले.

आमच्याकडे रिवाज असा की शेवटी मुलाने उठायचं आणि म्हणायचं, वडिलांकडे कुणाचं देणं निघत असेल तर बोला, मी फेडीन. लोक हे तोंडातल्या तोंडात पुटपुटतात आणि खाली बसतात. मी व्यवस्थित बोललो. आबांनी जन्मभर भाड्याच्या सायकलींचं दुकान चालवलं पण कुणाची दमडी ठेवली नाही, असं ठणकावून सांगितलं. आवाज छान लागला होता. बायकांत बसलेली नर्मदाअक्का सारखी मान हलवत होती. थोरली बहीण असून तिला माझं कौतुक आहे.

१६ जानेवारी, सोमवार. जामनेर.

सकाळी पतपेढीचे दोघे आले. चहा होतो न होतो तोच जळगावचा टायर-ट्यूबवाला. दुकानाचं कर्ज आहे, मालाची उधारी आहे. शिवाय आबा निम्म्या गल्लीला जामीन राहिले होते आणि ती निम्मी गल्ली हप्ते भरत नाही. टायरवाला म्हणाला, साहेब, मी तर नाद सोडला होता, काल तुम्ही बोललात म्हणून धीर आला.

अक्का म्हणाली, अरे बन्सी, मी मान हलवत होते ती गप बस म्हणून.

बायकांना सभेतलं कळत नाही. घाबरण्यासारखं काही नाही. पाटबंधारे खात्यात हेडक्लार्क आहे मी, असल्या फायली रोज निकालात काढतो.

२९ जानेवारी, रविवार. धुळे.

प्लॅन तयार. दुकानातल्या सगळ्या सायकली विकायच्या, कर्ज एकरकमी फेडायचं, उरतील त्यातून सेकंडहँड स्कूटर. बायकोला, लिलाला, समोर बसवून सगळं समजावलं. ती भाकरी थापत होती. म्हणाली, हाई बठ्ठं खोटं शे. म्हणजे हे सगळं खोटं आहे. माहेरची भाषा तिला रागावल्यावरच आठवते. मी दुर्लक्ष केलं.

५ फेब्रुवारी, रविवार. जामनेर.

सायकली पाहिल्या. भंगारवाल्यानेही पाहिल्या. हसला मेला. एकीला चाक नाही, एकीला नुसतंच चाक. आबा या कशा भाड्याने देत होते देव जाणे. लोक म्हणे फिरवायला न्यायचे आणि आबा पैसे मागायचे विसरायचे.

स्कूटर तूर्त रद्द. टेबल फॅन नक्की.

१३ फेब्रुवारी, सोमवार. जामनेर.

आज अक्काने रजिस्ट्रारकडे हक्कसोडपत्र करून दिलं. घरातला तिचा हिस्सा माझ्या नावे. घर म्हणजे तीन खोल्या, वर पत्रा, दारात कडुनिंब. सासरहून, बोदवडहून एकटीच आली होती, डब्यात माझ्यासाठी कळण्याची भाकरी आणि ठेचा. सही करायच्या आधी माझा हात धरला आणि म्हणाली, मले काही नको रे बन्सी. साडी नको, चोळी नको. फक्त घर विकू नको. आखाजीले माहेरी याले एक दार राहू दे.

मी म्हणालो, अक्का, तू वेडी की खुळी? घर कुठे जातंय?

मनापासून म्हणालो. घर गहाण टाकून हप्ते पाडून घ्यायचे, हा नवा प्लॅन. अक्काने डोळे पुसले आणि सही केली. सही अक्षर अक्षर लावून काढते. आबांनीच शिकवली होती तिला, दुकानाच्या पाटीवर खडूने.

२६ फेब्रुवारी, रविवार. धुळे.

गहाण कुणी घेत नाही. घरावर आधीच बोजा आहे. पतपेढीची नोटीस आली, पैसे भरा नाहीतर लिलाव. दवंडी पिटणार. आबांच्या दारात दवंडी! सबंध रात्र डोळा लागला नाही.

लिला म्हणाली, विका आणि मोकळे व्हा, पण अक्काबाईंना आधी सांगा. अर्थात सांगणार. येत्या रविवारी पत्र टाकतो.

५ मार्च, रविवार. जामनेर.

गिऱ्हाईक मिळालं. ज्ञानचंद, भुसावळचा मारवाडी कापड दुकानदार, जामनेरला दुकान काढतोय. माणूस शांत. घर फिरून पाहिलं, कडुनिंबाकडे बघत राहिला. म्हणाला, झाड तोडणार नाही.

त्याच फांदीला अक्काचा आखाजीचा झोका असायचा. मी खालून ढकलायचो आणि ती वरून ओरडायची, अजून, बन्सी, अजून. हे त्याला सांगणार होतो, पण म्हटलं भाव पडेल.

पत्र राहिलं. समोरासमोर सांगणं जास्त बरं.

१५ मार्च, बुधवार. जामनेर.

खरेदीखत झालं. पैसे समोरच्या समोर पतपेढीत आणि टायरवाल्याकडे. बाकी उरली ती लिहिण्यासारखी नाही. फॅन रद्द.

पण आजचा खरा विजय वेगळाच. ड्राफ्टिंगमध्ये माझा हात कुणी धरत नाही. कागदात मी स्वतः एक ओळ घातली: घराचा ताबा आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) दिवशी देण्यात येईल. मे महिन्यापर्यंत किल्ली आपल्याकडे! आखाजीला अक्का येईल, आबांच्या नावाची पहिली घागर त्यांच्याच घरात भरली जाईल, अक्का जेवून तृप्त होऊन बोदवडला जाईल. मग संध्याकाळी दिवे लागल्यावर मी हळूच किल्ली देईन. पितरांच्या दिवशी घर बदलायला कोण येतंय?

मला वाटलं ज्ञानचंद हुज्जत घालील. पण तो एका शब्दात हो म्हणाला, उलट खूशच झाला. म्हणाला, आमच्यात आखातीज म्हणजे फार मोठा दिवस. चला, सणावाराची जाण असलेला माणूस मिळाला.

दुपारी बोदवडच्या गाडीत बसणार होतो, अक्काला सांगायला. पण डोकं दुखत होतं.

२३ मार्च, गुरुवार. धुळे.

होळी झाली. अक्काचं पोस्टकार्ड आलं, भाच्याच्या अक्षरात. सगळे खुशाल, तू कसा आहेस, काही सांगायचं असेल तर लिही. काही सांगायचं असेल तर म्हणजे काय? बायका उगाच काहीतरी लिहायला सांगतात. उत्तर लिहिलं, सर्व ठीक, आखाजीला सकाळच्या गाडीने ये, मी आधीच जाऊन घर झाडून ठेवतो.

यात एक अक्षर खोटं नाही.

१८ एप्रिल, मंगळवार. धुळे.

रजेचा अर्ज. साहेब रत्नागिरीचे. विचारतात, अक्षय्य तृतीयेला एवढं काय असतं? आता यांना काय सांगायचं. सांगितलं, आमच्या खान्देशात दिवाळीला एक वेळ नाही आली तरी चालेल, पण आखाजीला लेक माहेरी येतेच. त्याच दिवशी गेलेल्या माणसाच्या नावाने नवी घागर पाण्याने भरायची, वर आंबा आणि सांजोरी ठेवायची, आणि दुपारी मुलाने निखाऱ्यावर घास टाकायचा. त्याला आगारी म्हणतात. ती पडल्याशिवाय गेलेला माणूस जेवत नाही.

अर्ज पुढे सरकवला. साहेबांनी दोन दिवस मंजूर केले.

३० एप्रिल, रविवार. धुळे.

लिला रोज विचारते, सांगितलं का? सांगेन हो! आखाजी एकदा गोड होऊ दे. सणाच्या आधी कशाला तिच्या जिवाला घोर? मी तिच्याच भल्यासाठी गप्प आहे. हे लिलाला पटत नाही. ती येणारही नाही म्हणाली. अक्काबाईंना तोंड कसं दाखवू, म्हणाली.

७ मे, रविवार. जामनेर. रात्री.

घर झाडलं. मधल्या खोलीत घागरीची जागा पाहून ठेवली. आबांच्या खुंटीवर त्यांची टोपी अजून तशीच. काढून घडी केली आणि परत खुंटीला लावली. कडुनिंबाला दोर बांधला. अक्काचं वय झालं, बसणार नाही, पण दिसला पाहिजे.

उद्याचं सगळं ठरल्याप्रमाणे. अशी कामं मीच करू जाणे.

८ मे, सोमवार. आखाजी. सकाळी, बस स्टँड.

उभ्यानेच लिहितोय. घात झाला.

सहाला दार वाजलं. अक्का लवकर आली म्हणून उघडलं तर ज्ञानचंद, बायको चंदनबाई, डोक्यावर कलश, मागे चार पाहुण्या, टोपलीत नारळ आणि मिठाई. गृहप्रवेश! म्हणाला, आखातीजचा मुहूर्त तुम्हीच कागदात घातलात, किती उपकार मानू. आमच्यात यापेक्षा शुभ दिवस नाही.

माझंच ड्राफ्टिंग. किल्ली दिली. बाहेर आलो ते सरळ स्टँडवर. अक्काला इथेच गाठायचं. सांगायचं की घराला चुना मारणं चालू आहे, घागर यंदा धुळ्याला भरू, चल माझ्याबरोबर. तीन वेळा मनात म्हणून पाहिलं. पटण्यासारखं आहे.

सकाळची गाडी येऊन गेली. अक्का नाही. पुढची बघतो.

दुपारची गाडीही आली. नाही.

८ मे. रात्री, धुळे.

अक्का कालच बोदवडहून निघाली होती. पहूरला नणंदेकडे मुक्काम, आणि तिथून सकाळीच भाच्याच्या मोटरसायकलवर घरी.

मी दोनला परतलो तेव्हा ती आत बसली होती. मधल्या खोलीत एका बाजूला चंदनबाईंचा कलश, शेजारी आबांची घागर, वर आंबा, सांजोरी. दोघी मांडीला मांडी लावून बसलेल्या. चंदनबाई मला या, बसा म्हणाल्या आणि पुढे सरबत केलं. पाहुण्याला करतात तसं.

अक्काला होळीआधीच कळलं होतं. बोदवडच्या बाजारात कुणीतरी सांगितलं. तू सांगशील म्हणून थांबले, म्हणाली, कार्डसुद्धा टाकलं. मग एक दिवस स्वतःच भुसावळला जाऊन चंदनबाईंना भेटली आणि विचारलं, आबांची पहिली घागर तुमच्या घरात भरू द्याल का? तुमच्या घरात, असं म्हणाली असेल. चंदनबाई म्हणाल्या, बहेनजी, हे काय विचारणं झालं?

मी विचारलं, आगारी?

अक्का म्हणाली, तुझी लई वाट पाहिली रे. बारा वाजून गेले. आबा किती वेळ उपाशी राहतील? मग मीच टाकली.

चुलीपाशी गेलो. राख झाली होती. तरी एक घास टाकला. धूरसुद्धा निघाला नाही.

निघताना चंदनबाईंनी अक्काची ओटी भरली. खण, नारळ, तांदूळ. लेकीला माहेराहून सासरी पाठवताना भरतात तशी. दारापर्यंत आल्या, म्हणाल्या, दर आखाजीला येत जा, हे दार तुमचंच आहे. अक्का तिथे पहिल्यांदा रडली. त्यांच्या खांद्यावर. मी दोराजवळ उभा होतो.

आबांची टोपी अक्काने पिशवीत घेतली. मला द्यायची का, असं विचारलं नाही. मीही मागितली नाही. मागायला तोंड कुठे होतं?

स्टँडवर ती खिडकीत बसली. गाडी हलायच्या वेळेला पदरातली सांजोरी काढून माझ्या हातात ठेवली. म्हणाली, उपाशी असशील. खाऊन घे. शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

घरी आल्यावर लिलाने विचारलं, काय म्हणाल्या अक्काबाई? मी म्हणालो, पुढच्या आखाजीचं आमंत्रण झालं. कुणी कुणाला दिलं ते सांगितलं नाही. ती समजली असावी, कारण ताट वाढून आत निघून गेली.

सांजोरी अजून खिशात आहे. ताटातला घास तोंडाशी नेतो आणि खाली ठेवतो. आबा, तुमची घागर भरली. मी तिथे नव्हतो.