एका श्वासातलं वाक्य

४ मार्च, सोमवार

आईला इमर्जन्सीत आणलं. तिला आडवं होताच येत नाही. खाटेवर पुढे वाकून बसलीय, हात गुडघ्यांवर, खांदे कानांशी. तरुण डॉक्टरीणबाई आल्या. तिच्या सुजलेल्या नडगीवर बोट दाबलं, तर खळगा तसाच राहिला.

"आजी, कधीपासून दम लागतोय?"

मी सांगितलं — दोन दिवसांपासून. झोप? तेही मीच. औषधं? मीच, मुद्देसूद.

"ताई, तुम्ही थांबा. आजींना बोलू द्या."

झालं. माझं डोकं फिरलं. म्हाताऱ्यांना सगळीकडे कसं ताटकळत ठेवतात, यावर मी सभेत बोलते तशी बोलले. सिस्टर हळूच म्हणाली, "मॅडम, इथं माईक नाहीये."

डॉक्टरीणबाई शांतच. "मला माहिती नकोय, ताई. एका श्वासात त्या किती बोलू शकतात, ते बघायचंय."

आई म्हणाली, "महिना... झाला... असेल."

एकेक शब्द, मध्ये श्वास. आणि मी दोन दिवस सांगितले होते.

५ मार्च

महिनाभर फोनवर ती नुसतं "हं" म्हणायची. "बरं." "तू बोल." मला वाटायचं, हिच्यासारखं ऐकून घेणारं कुणी नाही. प्रत्येक भाषण आधी तिला म्हणून दाखवायची मी! ती ऐकत नव्हती. दम पुरवून वापरत होती.

६ मार्च

हृदय थकलंय, फुप्फुसात पाणी. मास्कचं मशीन पुरत नाही. डॉक्टरीणबाई खाटेशी उकिडव्या बसल्या. "आजी, आता घशातून नळी घालून मशीन लावावं लागेल. त्यातून बाहेर याल याची खात्री मी देत नाही. तुम्ही म्हणाल तसं."

आईनं मास्क बाजूला केला. "नळी नको."

मग मी सुरू झाले. तिचा हात धरून. आयुष्यभर लढलीस आणि आता ऐन वेळी माघार? बाबा गेल्यावर मला एकटीनं वाढवलंस, ते काय असं सोडून जायला? मला कोण आहे? आवाज कुठे चढवायचा, कुठे उतरवायचा, मला कळतं. रडतानाही कळत होतं.

आईनं मान हलवली. हो.

"आजी, नक्की?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं. आई त्यांच्याकडे नाही, माझ्याकडे बघत होती. पुन्हा हो.

माझा मुद्दा पटला, असं वाटलं मला. खरंच वाटलं.

७ मार्च

नळी घातली. बोलणं बंद.

१० मार्च

नळी ओढू नये म्हणून हात पट्टीनं खाटेला बांधलेत. गुंगीतही बोटं पट्टीशी खेळतात. सकाळपासून बघतेय.

मावशी आली. खाटेकडे बघितलं, मग माझ्याकडे. "ताई हो म्हणाली याला?"

"म्हणाली."

"तुला नाही म्हणणं तिला कधी जमलंय का गं?"

मी बाहेर जाऊन जिन्यात बसले.

१२ मार्च

मूत्रपिंडंही गेली. सुधारणा नाही, होणार नाही. डॉक्टरीणबाईंनी मला खुर्ची दिली, स्वतः समोर बसल्या. "तुम्हाला काय वाटतं ते आज नका सांगू, ताई. त्यांना काय हवं होतं, तेवढं सांगा."

 मी म्हटलं, तिचं पहिलं उत्तर खरं. दुसरं माझं होतं.

१३ मार्च

दुपारी हात सोडले. नळी काढली. आईनं डोळे उघडले, मला शोधलं. घोगऱ्या आवाजात म्हणाली, "तू..."

मी मध्ये बोलले नाही. पुढच्या शब्दासाठी थांबले. डॉक्टरीणबाईंनी आईची नाडी बघितली, माझ्या खांद्यावर हात ठेवला, तरी थांबलेच होते.