एक ठरवून केलेली चूक

२ मार्च
शोकेसच्या एका फळीचा खरा हिशेब: पॉलिशचे सहा हात, दोन रविवार, बायकोचा अबोला आणि एक गिऱ्हाईक. वाट बघून बघून ते दुसरीकडून तयार शोकेस घेऊन गेलं. फळीत मात्र तोंड दिसतं. सध्या माझंच.
डॉक्टर म्हणाले, बीपी वाढलंय, तुम्हाला परफेक्शनिझम आहे. ऐकून बरं वाटलं. मग कळलं, ती तक्रार होती.

३ मार्च
संकल्प: आजपासून ‘चालतंय’ म्हणायचं. दुसऱ्याच्या वर्कशॉपमध्ये भुसा झाडत होतो, तिथून स्वतःचं फर्निचरचं दुकान उभं केलं. अशा माणसाला एक खोड मोडणं काय अवघड!
सुरुवात घरापासून. स्वयंपाकघरातल्या कपाटाला लग्नापासून दारं नाहीत. पडदा आहे. बायको केक करून विकणार आहे. लायसन्ससाठी वीस तारखेला इन्स्पेक्टर येणार. पीठ-साखर उघड्यावर दिसली की अर्ज नापास. ती म्हणाली, मला दारं हवीत, प्रदर्शन नको. म्हटलं, आठवड्यात बसवतो.

६ मार्च
चारही दारं कापून तयार. रंधा एकदाच मारला. हात शिवशिवत होते, खिशात घातले.

७ मार्च, सकाळी
दारं बघितली. फारच नीट जमलीत. म्हणजे खोड गेलेलीच नाही!
जालीम उपाय सुचला. एका दारात मुद्दाम एक चूक ठेवायची.

९ मार्च
चूक कुठे ठेवावी? दर्शनी ठेवली तर दुकानाचं नाव जाईल. आतून ठेवली तर ती फसवणूक. टाकाऊ फळ्यांवर नमुने करून बघितले. ओरखडा आगाऊ वाटतो. फट बरी होती, पण खालीवर सारखी नव्हती. पुन्हा पाडली.

१२ मार्च
ठरलं. खालच्या डाव्या दाराला केसभर कल. बघणाऱ्याला वाटावं, माणसाच्या हातचं काम आहे. पण नेमका येत नाही. कधी दारुड्यासारखा, कधी शाळामास्तरासारखा.
बायकोने विचारलं, काय चाललंय? म्हटलं, परफेक्शनिझम सोडतोय. म्हणाली, मग जरा लवकर सोडा.

१५ मार्च
मेहुणा आला. ऑफिसात फायली हलवतो, घरी जीभ. म्हणाला, दाजी, सरका, मी ठोकतो चार बिजागऱ्या. मी मनापासून हसलो. या गृहस्थाने दुरुस्त केलेली खुर्ची आम्ही भिंतीला टेकवून वापरतो. स्पष्ट सांगितलं, या घरात स्क्रू फिरवणारा हात एकच.
बायकोकडे बघितलं. ती पडद्याकडे बघत होती. मला वाटतं, अभिमानाने.

१७ मार्च
कल जमला! पण आता बाकीची तीन दारं फारच ताठ दिसतात. चारही बाद. नवी कापायची. साधेपणा घाईत येत नाही.
बायकोने कॅलेंडरवर वीस तारखेला गोल केला. पटलं असावं.

१८ मार्च
बायकोने पिठाचे डबे पलंगाखाली सरकवून बघितले. दिसतात. मी म्हटलं, उद्या संध्याकाळी दारं बसलेली असतील. तिने भावाला फोन लावला. बहीण-भावात बोलणं असावं माणसाचं.

१९ मार्च
अख्खा दिवस लाकडाच्या वखारीत. एकमेकींना शोभतील अशा रेषांच्या फळ्या शोधत होतो. तीन मिळाल्या. चौथी उद्या सकाळी येतेय. इन्स्पेक्टर दुपारी येणार, म्हणजे वेळच वेळ.
फळ्या घेऊन घरी आलो. कपाटाला दारं होती.
मेहुण्याने बाजारातून तयार आणून बसवली म्हणे. जेवण धरून एका दुपारीत. मी लगेच ओळंबा काढला. खालचं डावं दार केसभर कललंय. तोच कल! त्याला बाजूला घेऊन विचारलं, कसा काढलास? म्हणाला, काय काढलं, दाजी?
बायकोला कल दाखवला. तिने दार उघडलं, डबे आत ठेवले आणि मला म्हणाली, जेवायला चला.

२० मार्च
इन्स्पेक्टर येऊन गेल्या. दारांबद्दल चार वाक्यं तयार ठेवली होती, त्यांनी विचारलंच नाही. कपाट उघडलं, मिटलं, सही केली. बायको दाराआड जाऊन डोळे पुसून आली आणि तिने पहिल्या ऑर्डरचं पीठ चाळायला घेतलं.
संध्याकाळी सगळे बाहेर गेल्यावर मी ती दारं एकेक करून तपासली.
नीट लागतात.