लोहाराच्या लेकीची हकीकत

१८ नोव्हेंबर

चि. ठमीस,
अनेक आशीर्वाद. माझी तब्येत ठणठणीत आहे. वर्कशॉपमध्ये नवीन लेथ मशीन आलंय. जुन्या मिस्त्रींनी अजून त्याच्याशी बोलणं सुरू केलेलं नाही.

तुझं पाकीट पोचलं. दर रविवारी तुम्ही मित्रमंडळी एकेक पात्र होऊन, फासे टाकून जो गोष्टीचा खेळ खेळता, त्यासाठी तू रचलेली ती धनुर्धारी मुलगी आणि तिच्या घरची हकीकत दोनदा वाचली. 'बाबा, लोहारकाम बरोबर आहे का तेवढं बघा' असं लिहिलंयस, म्हणून आधी तेच. बाणाचं टोक लालभडक तापवून पाण्यात बुडवलं की झालं, असं नसतं. तेवढंच केलंस तर काचेसारखं तडकेल. पाणी पाजल्यावर पुन्हा मंद आचेवर तापवावं लागतं. आणि तुझा लोहार दिवसभर घण मारून संध्याकाळी लेकीला गाणी ऐकवतो. त्याला जरा जेवू तरी दे.

मिस्त्रींना वाचून दाखवलं. म्हणाले, हा लोहार म्हणजे मालक तुम्हीच, फक्त पोरीनं डोक्यावर केस भरपूर दिलेत. सगळे हसले. मीही हसलो.

तिसऱ्या पानावर मात्र माझी गाडी अडली. तिथं आई मरायला टेकली तरी लेकीला निरोप धाडू देत नाही, म्हणून लेक तिच्या समाधीकडे फिरकत नाही. बाप मात्र देवमाणूस. घरी आलीस की आईच्या फोटोसमोर तू का थांबत नाहीस, ते तेव्हा कळलं.

हे तू मनानं रचलेलं नाहीस. परीक्षा होईपर्यंत तुला कळवायचं नाही, ही आईचीच इच्छा होती, असं मीच तुला सांगितलं होतं.

ते खोटं होतं, बाळा. तिनं तुला बोलवायला सांगितलं होतं. एकदा नाही, तीनदा. पहिल्यांदा मी म्हणालो, परीक्षा झाली की बोलावू. दुसऱ्यांदा म्हणालो, फोन लागत नाही. तिसऱ्यांदा तिचा आवाज अगदी खाली गेला होता. मी ऐकू न आल्यासारखं केलं. तीन मशीन सोडून चौथ्याचं बेअरिंग वाजलं तरी मला कळतं, हे तिला ठाऊक होतं. तिनं तोंड भिंतीकडे फिरवलं.

मला वाटलं होतं, उठेल ती. ज्याला शिकायला मिळालं नाही त्याला परीक्षा फार मोठी वाटते गं. मग तू आलीस. दारातच विचारलंस, "मला का नाही कळवलं?" आणि मी तिला पुढे केलं. ती काही बोलायला उरली नव्हती.

चार वर्षं तिच्या वाटची माया मी खातोय.

तेव्हा दुरुस्ती एकच. तिसरं पान फाड. निरोप लोहारानं अडवला, असं लिही. मग ती लेक त्याच्याकडे परत जाते की नाही, यात मी बोट घालणार नाही.

एरवी पत्राखाली 'तुझाच' लिहितो. आज तो शब्द माझ्या हातात नाही.

बाबा