कोपऱ्यातला नंबर

रवि. ४ फेब्रु., लातूर
अकराला क्लासचा ऑनलाइन पेपर सुरू, साडेअकराला साइट बसली. बंद पडली नाही, नुसती रांगत होती. एकेक पान उघडायला मिनिट. पोरांची उत्तरं जमा होईनात. सईसुद्धा त्यातच, शेवटचे आठ प्रश्न गेले तिचे. सर्व्हर आईच सांभाळते म्हटल्यावर पोरीनं रडावं तरी कुणापाशी?

क्लासचे सर एवढंच म्हणाले, "मॅडम, पुढच्या रविवारी असं झालं तर मला दुसरं कुणी बघावं लागेल." मी गेले की सईची स्पेशल बॅचमधली जागाही गेली, हे त्यांनी बोलायची गरज नाही. नोकरी घेतली तीच त्या जागेसाठी. नांदेडला हे एकटे, इथं एका खोलीत मी आणि सई.

सोम. ५
मोईनभाई आमचं केबलचं बघतात. "लाइनीत काई न्हाई मॅडम, लाइन साफ हाय." सर्व्हरची मेमरी वाढवली, साइटवर खोट्या पोरांची गर्दी घालून पाहिली. सुरळीत चाललं. म्हणजे खऱ्या गर्दीत असं काहीतरी आहे, जे माझ्या खोट्या गर्दीत नाही. चिडचिड. सईवर उगाच ओरडले.

बुध. ७
सर्व्हरच्या नोंदी वाचत बसले. सापडलं. पालक.

पेपर चालू असतानाच रँक हलताना दिसते, ही आमच्या क्लासची शान. मुलांना स्क्रीनच्या कोपऱ्यात, पालकांना मोबाइलवर. मुरुड, देवणी, उदगीर, जो तो दुकानात, बांधावर पान उघडून बसलेला, अंगठ्यानं ओढून ओढून ताजं करतोय. दर ओढीला सर्व्हर सगळ्या मुलांचे मार्क पहिल्यापासून मांडतो. एकाचा नंबर सांगायला अख्खी बॅच उठवून उभी करायची.

कुठल्या शहाण्यानं लिहिलं हे? मीच. दोन वर्षांपूर्वी, साठ पोरं होती तेव्हा. आपलेच दात, आपलेच ओठ.

गुरु. ८
सरांना म्हटलं, पेपरपुरती रँक बंद ठेवू.
"रँक बंद म्हणजे क्लास बंद. लोक रँकसाठीच येऊन राहिले ना."
मग दुसरा उपाय. अर्ध्या मिनिटाला एकदाच नंबर लावून ठेवायचे, येईल त्याला तेच वाढायचे. आल्यागेल्यासाठी नवी कणीक मळायची नाही.

शनि. १०
घरमालकीणबाई वर चौथा मजला चढवतायत. "भूकंपानंतर सालभर अंगणात झोपलो. मजला म्हटलं की जीव जायचा. आता क्लासच्या पोरी राहायला येतात, काय करता."
ह्यांचा फोन. कधी येताय दोघी? म्हटलं, सईची बारावी झाली की. "दहावी झाली की येते म्हणाली होतीस." भीती वाटतेय उद्याची, खरं सांगायचं तर.

रवि. ११
जमलं. अकरा ते दोन, डोळ्याची पापणी लवायच्या आत पान. मोईनभाईंनी भजी आणली. सर पहिल्यांदा हसताना पाहिले. "आता रोज पेपर घेऊ मॅडम. रोज रँक. उद्यापासून करता येईल?" सांगते म्हणाले.

इतकी खूश होऊन खोलीवर आले. सई भिंतीला टेकून बसलेली.
उत्तरं जमा झाली ना गं सगळी?
"झाली."
मग?
"हळू होतं तेच बरं होतं मम्मी. नंबर यायलाच वेळ लागायचा, तोवर दोन-तीन गणितं व्हायची. आज बघावं तेव्हा खाली गेलेला."
कोपऱ्याकडं बघू नकोस म्हटलं. म्हणाली, "तू बघितलं नसतंस?"
नंतर भांडी घासता घासता, पाठमोरी: "तुला बंद पाडता येतं का?"
मी ऐकलंच नाही असं केलं. लाज वाटली.

सोम. १२
एक ओळ बदलायची आहे फक्त. रविवारच्या जागी रोज. सकाळपासून तीच उघडून बसलेय. नाही म्हणावं तर तिची जागा जाते. हो म्हणावं तर...

सई चप्पल घालता घालता म्हणाली, "आज आहे का पेपर?"
माहीत नाही म्हटलं.
दारात थांबली. "तुलाच माहीत नाही?"
गेली. सरांचा तिसऱ्यांदा फोन येतोय.