गंगाफळाचं बोट आणि माझा चहा

एरंडोल, मंगळवार, दुपार

सौ. सविता हिला बोदवडच्या शाळेतल्या बाकावरच्या चंदनचा जय जिनेंद्र, आणि तुला तुझा जय भीम. राजदीपभाऊंचा गुडघा आता जिना चढू देतो का? तुझी तब्येत मी विचारत नाही, कारण बत्तीस वर्षं नर्स राहिलेल्या बाईला तब्येत विचारली की ती आपलीच नाडी बघते. इकडे बठ्ठं बरं शे. (सगळं बरं आहे, हे अहिराणीत म्हणायला तूच मला शिकवलंस, आणि तेव्हापासून प्रत्येक पत्रातलं पहिलं खोटं मी हेच लिहीत आले.)

फोन केला असता, पण माझा फोन स्पीकरशिवाय ऐकू येत नाही आणि आमच्या घरात स्पीकरचा आवाज स्वयंपाकघरापासून गच्चीपर्यंत जातो. आमचे हे उद्या तुमच्या भुसावळला दुकानाचा माल आणायला निघालेत, त्यांच्याबरोबर पत्र पाठवते. पाकीट चिकटवलं आहे का ते आधी बघ. ह्यांना वाचायची सवय आहे.

तर गोष्ट अशी. आमच्या ललितचा मुलगा रोनक साडेसहा महिन्यांचा झाला, धरल्याशिवाय बसतो. जळगावच्या डॉक्टरांनी सांगितलं, आता वरचं अन्न सुरू करा, आणि हातात धरून खाता येईल असंही काही द्या. ते सुरू करायच्या आदल्या दिवशी मी स्थानकात होते (एसटीच्या नव्हे, आमच्या साध्वीजी उतरतात त्या). व्याख्यान संपल्यावर साध्वीजींनी विचारलं, कोणाला काही पच्चक्खाण घ्यायचं आहे का? (म्हणजे नेम. तुला माहीत आहे, पण राजदीपभाऊही वाचतील.) माझ्या शेजारणीने महिनाभर गूळ सोडला. मला काय झालं देव जाणे, मी उठून उभी राहिले आणि म्हणाले, रोनकच्या तोंडात माझ्या हाताने एक घास जाईपर्यंत मला चहा बंद. मनात हिशेब केला होता की आज सोडायचा, उद्या सकाळी धरायचा.

दुसऱ्या दिवशी सूनबाईने, विधीने, खुर्चीत बाळ बसवलं, पुढे ताटली ठेवली आणि म्हणाली, "मम्मीजी, तुकडा त्याच्या तोंडात कोणीच घालायचा नाही. समोर ठेवायचा. तो स्वतः उचलेल, स्वतः खाईल."

सविता, आज तेरावा दिवस आहे. दिवसाला पाच कप पिणाऱ्या बाईचं डोकं तेराव्या दिवशी कसं दुखतं ते तुमच्या पुस्तकात असेल. नेम कोणाला सांगितलेला नाही, कारण सांगितला की तो नेम राहत नाही, सुनेच्या डोक्यावर ओझं होतं.

आता माझ्या गोंधळाचं ऐक. डॉक्टरांच्या कागदावर पहिल्याच ओळीत गाजर, बटाटा, रताळं, बीट. जे जे जमिनीखाली उगवतं आणि आमच्या उंबऱ्याच्या आत येत नाही, तेवढंच नेमकं निवडून लिहिलेलं. विधी माहेरचीही आमच्यातलीच, तिने लाल पेनाने चारही खोडले आणि वर लिहिलं: गंगाफळ (डॉक्टर त्याला लाल भोपळा म्हणतात), दुधी, कच्चं केळं, पिकलं केळं. इथपर्यंत मला समजलं. मग मी गंगाफळ उकडून त्याचे वाटाण्याएवढे तुकडे केले, कारण लहान तोंडाला लहान तुकडा. विधी घाबरलीच. म्हणे लहान तुकडा सरळ घशात जातो, मोठा हवा, माझ्या बोटाएवढा लांब, म्हणजे मुठीत धरून वरचं टोक चोखता येतं. चाळीस वर्षं मी ह्या घरात मुलांना बारीक करून भरवलं, आणि आता मोठं ते सुरक्षित, लहान ते धोक्याचं! द्राक्ष अख्खं नाही, शेंगदाणा नाही, मध वर्षभर नाही, मीठ नाही, साखर नाही. मी विचारलं, मग चव? ती म्हणाली, त्याला अजून माहीतच नाही काय नाही ते.

शिवाय प्रत्येक तुकडा दोन बोटांत दाबून बघायचा, सहज चेपला तर द्यायचा. मी मन लावून दाबले. आठ तुकडे होते, आठही चेपले, आठही उत्तीर्ण, आणि ताटलीत गंगाफळाची चटणी. विधी म्हणाली, "मम्मीजी, एकच दाबायचा असतो." असं असेल तर तसं लिहावं ना कागदावर.

तिसऱ्या दिवशी त्याने उकडलेल्या कच्च्या केळ्याचं बोट तोंडात घातलं आणि ॲक् ॲक् केलं. मी डोळे मिटून मोठमोठ्याने नवकार मंत्र सुरू केला. विधी जागची हलली नाही, बाळावरून नजर काढली नाही, फक्त म्हणाली, "मम्मीजी, मनात म्हणा. आवाज येतोय तोवर तो स्वतःच पुढे ढकलतोय. आवाज बंद झाला तर घाबरायचं, आणि तुमच्यामुळे मला तो ऐकूच येत नाहीये." तेव्हापासून मी नवकार मनात म्हणते आणि बाळ मोठ्याने खोकतं. दोन्ही चालू असलं की घरात सगळं ठीक.

मी वही ठेवली आहे. (हसू नकोस, तुम्ही ताप लिहिता तसं.) दिले, खाल्ले, खाली पडले, केसात. काल दिले सहा, चोखून संपवले दोन, खाली तीन. एक कुठे? विधीने त्याच्या गालात बोट न घालता नुसतं वाकून बघितलं, तोंड रिकामं. खुर्ची उलटी केली, चटई झटकली. बाळ खुशाल टाळ्या वाजवतं आहे आणि मी वहीतली बेरीज पुन्हा करते आहे. शेवटी दुकानातून ह्यांचा फोन आला: सदऱ्याच्या खिशात हात घातला तर गिऱ्हाईकासमोर गंगाफळ निघालं, हे कोणाचं काम? जाताना त्यांनी नातवाला उचलून घेतलं होतं. वहीत "आजोबा" असा नवीन रकाना पाडला.

दोनदा मीही चोरून प्रयत्न केला. गंगाफळाचं बोट त्याच्या ओठांजवळ नेलं. तो माझ्या हातातून हिसकावून घेतो, स्वतःच्या हाताने तोंडात घालतो आणि माझ्याकडे असा बघतो की जणू मीच त्याचं खात होते. असा घास नेमात बसत नाही, मी स्वतःला दहा वेळा विचारून पाहिलं.

असो. मुलांना आशीर्वाद. ह्यांना जेवूनच परत पाठव, पण मिरची कमी.

तुझी
चंदन

ता.क. राजदीपभाऊंना हा भाग वाचायला देऊ नकोस. विधीला तुझा शब्द म्हणजे डॉक्टरांचा शब्द. तू तिला सहज फोन कर, इकडचंतिकडचं बोल, आणि मग नर्सच्या आवाजात सांग की आजीने दिवसातून एक घास हाताने भरवला तर बाळाला काही होत नाही. माझं नाव येऊ देऊ नकोस. पत्र त्यासाठीच लिहिलं, वरचं सगळं प्रस्तावना होती.

ता.क. दुसरा, संध्याकाळ. फोन करू नकोस. पाकीट मी उघडं ठेवलं होतं आणि ह्यांनी वाचलं. वाचून विधीला सांगितलं. मला वाटलं पोर चिडेल, ती तर रडायलाच लागली. म्हणाली, "मम्मीजी, हाताने नाही हे मी तुकड्यांचं म्हटलं होतं! मऊ खिमट तर मी पहिल्या दिवसापासून रोज सकाळी भरवते. तुम्ही स्थानकात सामायिकाला डोळे मिटून बसलेल्या असता, तिथून उठवून कशी आणू?" म्हणजे तेरा दिवस मी तिकडे देवाकडे घास मागत बसले होते, तेवढ्यात घरी तो भरवून होत होता. तिने लगेच तांदूळ-मुगाची खिमट शिजवली, निववली, वाटी माझ्या हातात दिली. रोनकने चिमणीसारखा आ केला. एक घास. मग दुसरा. सविता, मला पुढचं नीट दिसेना.

ता.क. तिसरा. विधीने धावत जाऊन सुंठ घालून चहा टाकला. तो उकळून कपात येईपर्यंत सूर्य मावळला. माझा चौविहार, सूर्यास्तानंतर पाणीसुद्धा नाही. विधी म्हणाली, घड्याळ दोन मिनिटं पुढे आहे. मी गच्चीवर जाऊन बघून आले, नाही. चहा वाया जाऊ नये म्हणून माझाही कप आमचे हेच प्यायले, आणि म्हणाले, साखर कमी आहे.